हिरड्या, तंबाखू आणि वाढलेली साखर : आधी हात कशाला घालायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे. तो स्वतः इथे कधीच लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय.

दादा पन्नाशी ओलांडलेला. मधुमेह बऱ्याच वर्षांचा, गोळ्यांवर. तंबाखू-चुना त्याहून जुना. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सातच्या आसपास असायचं, या वेळी थेट ८.६ आलं. खाण्यात बदल नाही, चालणं चालू आहे, गोळ्या चुकत नाहीत (वहिनी चुकू देत नाही). फिजिशियनांनी एक गोळी वाढवून दिली. त्याच सुमारास खालचे पुढचे दोन दात हलायला लागले म्हणून तो दातांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी आरशात दाखवून सांगितलं, "साखर का वाढली ते इथेच दिसतंय." पायोरिया आहे, हिरडी दाबली की पू येतो, एक्स-रेत हाड खाली गेलेलं दिसतंय. हिरड्यांच्या आतून सफाई करावी लागेल आणि तंबाखू बंद.

दादाचं म्हणणं वेगळंच. दात साफ केले की पडतात, त्याच्या ऑफिसातल्या एकाचे पडले. तंबाखूमुळेच आतापर्यंत दात टिकले. आणि एवढं सगळं एकदम जमणार नाही, आधी साखर खाली येऊ दे, मग दात करू, मग तंबाखूचं बघू.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हिरड्यांमुळे साखर वाढते हे खरं, की घाबरवायला सांगतात? आणि तिन्हींतलं आधी काय धरायचं?

भोचक

"मग तंबाखूचं बघू" हे वाक्य आमच्याकडे दोन पिढ्या चालू आहे. अजून बघतायत.

सदूभाऊ

वहिनींच्या ताब्यात गोळ्या आहेतच, पुडीही देऊन टाका. बंदोबस्त होईल.

रानजाई

सदूभाऊ, दिली होती. पुडी तिच्याकडे आणि दुसरी पुडी स्कूटरच्या डिकीत.

दंतकथा

आयडीवर जाऊ नका, खरोखर दातांची डॉक्टर आहे आणि काम हिरड्यांचंच करते. दादांना मी तपासलेलं नाही, तेव्हा सर्वसाधारण लिहिते.

हिरड्या आणि साखर यांचं नातं दुहेरी आहे. साखर सतत जास्त राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जखम लवकर भरत नाही, हिरडीतला दाह शमत नाही. त्यामुळे हाड लवकर झिजतं. १९९३ मध्ये हॅरल्ड लो यांनी हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं, ते उगाच नाही.

आता उलटी बाजू. हाड खाली गेलं की हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल कप्पे होतात, त्यांना आम्ही पॉकेट म्हणतो. या कप्प्याची आतली भिंत सोललेली असते. सगळ्या दातांभोवतीची मिळून पाहिली तर ती काही चौरस सेंटिमीटरची जखम होते, जंतूंनी भरलेली. तिथून दाहाची रसायनं रक्तात जात राहतात आणि त्यांच्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. एवढीच पू असलेली जखम दादांच्या पायावर असती, तर "आधी साखर खाली येऊ दे" असं घरात कुणी ऐकून घेतलं नसतं. तोंडातली दिसत नाही आणि बहुतेक वेळा दुखतही नाही.

सफाईने दात पडतात याबद्दल. वर्षानुवर्षं साचलेलं किटण दगडासारखं होतं आणि हलणाऱ्या दातांना एकमेकांशी बांधून ठेवतं. ते काढलं की दाताची खरी अवस्था उघड होते. शिवाय हिरडीची सूज उतरते, मग दात लांब दिसतात, मध्ये फटी दिसतात, गार लागतं. ऑफिसातल्या गृहस्थांचं हाड सफाईच्या कितीतरी आधी गेलेलं असणार.

एक विचारा: डॉक्टरांनी बारीक पट्टीसारखी खुणा असलेली सळई घालून प्रत्येक दाताभोवती मोजमाप घेतलं का? १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ पासून पुढे आजार धरायचा, ६ किंवा जास्त म्हणजे खोल. हे आकडे कागदावर लिहून घ्या. नाहीतर सुधारणा झाली की नाही हे नंतर कशावरून ठरवणार?

चिमणचारा

वाचनखूण साठवली. सासूबाई दिवसातून अनेकदा मिश्री लावतात आणि वर म्हणतात, मी तंबाखू खात नाही. ती तंबाखू भाजूनच केलेली असते हे सांगून दमले.

कोपऱ्यातला

सगळे एका बाजूचंच बोलतायत म्हणून लिहितो. मी खातो. रोज. सकाळी उठल्यावर डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्याने मळायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठात. त्याशिवाय पोट साफ होत नाही. दाढ ठणकत असेल तर तिच्याशेजारी धरली की पाच मिनिटांत थांबते. साखर माझी आजतागायत नॉर्मल आहे. तेव्हा तंबाखू म्हणजे साखर आणि तंबाखू म्हणजे हिरड्या असं सरसकट म्हणू नका. कॅन्सरचं माहीत आहे, ते सांगायला येऊ नका.

भोचक

@कोपऱ्यातला, "ते सांगायला येऊ नका" यावर दहा प्रतिसाद तेच सांगायला येणार. खुर्ची घेऊन बसलोय.

अर्धविराम

दंतकथाताई, आदर राखून एक शंका. हिरड्या सुधारल्या की साखर उतरते हे इतकं सरळ आहे का? २०१३ मध्ये जामा या नियतकालिकात एक मोठा प्रयोग आला होता. टाइप २ मधुमेह आणि हिरड्यांचा आजार असलेले पाचशेहून जास्त लोक. निम्म्यांची खोल सफाई केली, निम्म्यांची नंतर करू म्हणून थांबवली. सहा महिन्यांनी एचबीए१सीमध्ये काही फरक नाही. मग दातांच्या दवाखान्यात आरसा दाखवून "इथेच दिसतंय" म्हणणं कितपत बरोबर?

सदूभाऊ

आला, आला, अर्धविराम आला. आता धाग्याला पूर्णविराम नाही.

दंतकथा

अर्धविराम, प्रश्न रास्त आहे. त्या प्रयोगावर मोठा आक्षेप असा घेतला गेला की उपचारानंतरही रुग्णांच्या दातांवर थर आणि हिरड्यांतून रक्त बऱ्यापैकी उरलं होतं. म्हणजे हिरड्याच धड बऱ्या झाल्या नव्हत्या, तर साखर कशी उतरेल? २०१८ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहाच्या नियतकालिकात दुसरा प्रयोग आला, त्यात वर्षभर नेटाने उपचार केले आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रियाही केली. वरवरची सफाई केलेल्या गटापेक्षा या गटाचं एचबीए१सी वर्षाने ०.६ ने कमी होतं. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात सगळे प्रयोग एकत्र धरून तीन-चार महिन्यांनी ०.४३ आणि वर्षाने ०.५ इतकी घट दिसते. जामाचा तो प्रयोग नापास असूनही.

अर्धविराम

आभार, आकडे देऊन बोलणारे डॉक्टर मला आवडतात. पण आता हिशेब बघा. ०.४३ धरलं तर ८.६ चं ८.२ होईल. फायदा आहे, नाही म्हणत नाही. एखादी जादा गोळी साधारण तेवढंच करते. दादांची उडी मात्र दीडच्या वर आहे. ती सगळी हिरड्यांच्या खात्यावर टाकली तर बाकीचं कारण कोण शोधणार? मला भीती याची वाटते.

दंतकथा

हे मान्य. मीही रुग्णांना "साखर वाढण्याचं हे एक कारण असू शकतं" एवढंच म्हणते. कधीकधी साखर आधी वाढलेली असते आणि हिरड्या नंतर पेटतात. आरशात पाहून कोण आधी आलं हे सांगता येत नाही.

पारा

मी लॅबमध्ये काम करते, म्हणून मध्येच. एचबीए१सी अचानक उडी मारतं तेव्हा आधी हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं. उलट लाल पेशी लवकर मोडण्याचा आजार असेल तर खोटं खाली. घरी ग्लुकोमीटर असेल तर उपाशीपोटीचे आणि जेवणानंतर दोन तासांचे काही आकडे लिहून ताडून पाहा. ८.६ म्हणजे सरासरी साधारण २०० यायला हवी. घरचे आकडे १३०-१५० मध्येच फिरत असतील तर काहीतरी जुळत नाही असं समजा.

आणि मधल्या काळात स्टेरॉइड घेतलं होतं का? दम्यासाठी, सांध्यासाठी, त्वचेसाठी गोळ्या देतात. लोक त्यांना "ताकदीच्या" म्हणून विसरून जातात. वजन आपोआप उतरत असेल तर तेही फिजिशियनांना आवर्जून सांगा.

रानजाई

पाराताई, हे कुणीच विचारलं नव्हतं. वहिनीला फोन केला. हिमोग्लोबिन चांगलं आहे, स्टेरॉइड नाही, वजन आहे तेवढंच आहे, किंबहुना थोडं वर. मीटरवर उपाशीपोटी १७० ते १९०. म्हणजे साखर खरीच वाढलीये.

निवांत

थोडं अवांतर. माझ्या हिरड्या दातांवर चढल्यासारख्या फुगल्या होत्या. पायोरियाच समजून मी माउथवॉश बदलत बसलो. शेवटी कळलं की बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन. डॉक्टरांनी औषध बदललं, सफाई केली, सूज ओसरली. दादांना बीपी असेल तर कुठली गोळी चालू आहे ते दाखवा.

दंतकथा

बरोबर. अ‍ॅम्लोडिपिन आणि त्याच जातीची काही औषधं, फिटसाठीचं फेनिटॉइन, अवयव बदललेल्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन. या तिन्हींनी हिरडी वाढू शकते. सगळ्यांची नाही वाढत, आणि तोंड स्वच्छ असेल तर कमी वाढते. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

भोचक

धागा हिरड्यांचा, पोचला बीपीला. पुढचा प्रतिसाद गुडघेदुखीचा असणार.

गुडघेदुखी

बोलावलंत?

सदूभाऊ

😂😂 हा आयडी आत्ता काढला की आधीपासून होता?

अर्धविराम

हसणं झालं असेल तर कोपऱ्यातला यांचा मुद्दा राहिलाय. ओढायच्या तंबाखूचं साखरेशी नातं पक्कं आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात धूम्रपान करणाऱ्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्के जास्त असं म्हटलंय. खायच्या तंबाखूबद्दल तितकं ठाम बोलता येत नाही. स्वीडनमध्ये ओठात धरायच्या स्नूस नावाच्या तंबाखूवर अभ्यास झाले, त्यांत भरपूर प्रमाणात घेणाऱ्या पुरुषांत मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला, कमी घेणाऱ्यांत तसा दिसला नाही. निकोटिनने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि ते साखर वर ढकलतं आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं. त्यामुळे दुवा असणं पटण्यासारखं आहे. पण दादाला "तंबाखू सोड, साखर उतरेल" असं वचन देऊ नका. नाही उतरली तर तो म्हणेल, बघ, सोडून काय मिळालं, आणि पुन्हा सुरू करेल.

दंतकथा

शंभर टक्के सहमत. मी तंबाखू साखरेसाठी सोडा असं सांगतच नाही. हिरड्यांसाठी आणि कॅन्सरसाठी सांगते, तिथे वाद नाही. धूर नसलेली तंबाखू जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. सुपारीसुद्धा, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा.

कोपऱ्यातला, तुम्ही सांगितलं तेवढंच घेऊन बोलते, चिडू नका. चिमूट रोज एकाच जागी असते ना? खालचा ओठ आरशासमोर बाहेर ओढून बघा. त्या जागेची कातडी पांढुरकी, सुरकुतलेली आणि जाड झालेली असेल. शेजारच्या दोन-तीन दातांची हिरडी खाली उतरून मुळं उघडी पडलेली असतील. बाकी तोंड ठीक आणि तेवढीच जागा बिघडलेली, हे मी इतक्या वेळा पाहते की रुग्ण कुठल्या बाजूला धरतो ते न विचारता सांगता येतं. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते, त्यामुळे निकोटिन झटकन रक्तात उतरतं, तीच ती तरतरी. तोच चुना नाजूक कातडी भाजतोही.

दाढेचं म्हणाल तर ठणका थांबतो, कीड थांबत नाही. पोटाचं खरं आहे, निकोटिनने आतड्यांना चालना मिळते. सोडल्यावर काही दिवस त्रास होतो, तेवढ्यासाठी डॉक्टरकडून साधं औषध मिळतं.

आणि हे सगळ्यांसाठी: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, गिळताना त्रास, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल (स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत), तर दाखवून या. दुखत नसलं तरी.

कोपऱ्यातला

ओठ बघितला. दाखवून येतो. इथे येऊन काय झालं ते लिहिणार नाही, विचारू नका.

चिमणचारा

+१. नाही विचारत. जाऊन या मात्र.

सुटलो_एकदाचा

मी तंबाखू सोडलेला माणूस, तेव्हा त्या बाजूचं लिहितो. दादांना "सोड" म्हणून काही होत नाही. मला घरचे, डॉक्टर, पाकिटावरची चित्रं, सगळ्यांनी सांगून झालं होतं.

मला उपयोग झाला तो वेळा पकडण्याचा. नुसतं बसून खात होतो असं नव्हतं. जेवण झाल्यावर, फोनवर लांबलचक बोलताना आणि गाडीत बसल्याबरोबर, या माझ्या ठरलेल्या वेळा. जेवण झालं की उठून सरळ दात घासायचे, फोनवर उभं राहून बोलायचं, गाडीत दुसरं काहीतरी चघळायला ठेवायचं. ऐकायला पोरकट वाटतं. हाताला मात्र काहीतरी काम लागतं, मळायची सवय तोंडापेक्षा हातात जास्त असते.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात. चिडचिड, डोकं जड, झोप नाही. साधारण तीन-चार आठवड्यांत त्याचा जोर जातो. त्यानंतर येते ती तलफ काही मिनिटांची असते, पण बेसावध गाठते. माझ्याबाबतीत एका लग्नात गाठलं.

निकोटिन च्युइंगगम मिळतं, २ आणि ४ मिलिग्रॅमचं. ते साध्या च्युइंगगमसारखं चावत बसायचं नाही. दोन-चारदा चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचं, चव गेली की पुन्हा. सतत चावलं तर उचक्या आणि मळमळ. पण दादांचे दात हलतायत, त्यांना गम कसं जमेल? मी डॉक्टरांना विचारून निकोटिनची पट्टी लावली, दंडावर चिकटवायची. गोळ्याही असतात, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन, त्या मात्र डॉक्टरांनीच द्यायच्या.

रानजाई

सुटलो_एकदाचा, हे जसंच्या तसं दादाला वाचून दाखवलं. "हातात जास्त असते" यावर तो पहिल्यांदा हसला.

पारा

मधुमेह्यांनी सोडताना मीटर जवळ ठेवा. ब्रिटनमधल्या मधुमेहींच्या एका अभ्यासात सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात एचबीए१सी थोडं, ०.२ च्या आसपास, वर गेलेलं दिसलं, नंतर फरक मिटत गेला. त्यात घाबरण्यासारखं नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. कुणाकुणाची साखर उलट उतरते, इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्याकडे लक्ष ठेवावं.

निवांत

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. आधी काय?

दंतकथा

दिलं पाहिजे खरं. सफाईसाठी साखर खाली येण्याची वाट बघायची नाही. साखर फारच हाताबाहेर असेल, अंगात ताप असेल, तर फिजिशियनांना विचारून. एरवी ८.६ ला बिनाशस्त्रक्रियेची सफाई नेहमी करतो. शस्त्रक्रिया आणि इम्प्लांट यांसाठी मात्र थांबतो, कारण जखम भरायला हवी. दादांचा क्रम म्हणूनच उलटा आहे: साखर उतरवायला हिरड्यांची मदत हवी आणि तो हिरड्यांसाठी साखरेची वाट बघतोय.

तंबाखू त्याच आठवड्यात जमली तर उत्तम, नाही जमली तर सफाई थांबवू नका. फक्त समजून असा की चालू तंबाखूवर हिरडी तितकी आवळून बसत नाही. २०१८ पासून वापरात आलेल्या हिरड्यांच्या वर्गीकरणात आम्ही आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना हाड किती झिजलंय याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी बघतो, धूम्रपान आणि साखर. एचबीए१सी ७ किंवा त्याच्यावर असेल तर थेट सगळ्यात वेगवान गटात टाकतो. खायची तंबाखू त्यात लिहिलेली नाही. ती असायला हवी होती असं माझं मत. त्यावर अर्धविराम पुरावा मागतील, आणि मागू देत.

सफाईच्या दिवशी नेहमीसारखं खाऊन, गोळ्या घेऊन जा. उपाशी जाऊन खुर्चीत साखर उतरलेले रुग्ण मी पाहिलेत. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

अर्धविराम

या वेळी मागत नाही. 🙂

रानजाई

ताजी खबर. दादा गेला. दंतकथाताईंनी सांगितलं तसं मोजमाप मागितलं, तर डॉक्टरांनी ते आधीच केलेलं होतं, आम्हीच कागद नीट बघितला नव्हता. मागच्या दाढांना ५ आणि ६, खालच्या पुढच्या दोन हलणाऱ्यांना ७. भूल देऊन खालच्या जबड्याची सफाई झाली, वरची पुढच्या आठवड्यात. ते दोन दात आतल्या बाजूने बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधलेत. टिकतील की नाही ते आता सांगता येणार नाही, पण काढायची घाई नाही, असं दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. खालचे दात खरंच लांब दिसतायत. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून दादा घाबरला नाही, नुसता कुरकुरला.

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना चिठ्ठी लिहिली, हे मला सगळ्यात आवडलं. फिजिशियनांनी वाढवलेली गोळी चालूच ठेवायला सांगितली आणि एचबीए१सी तीन महिन्यांनी.

तंबाखू... बाजू बदलतो म्हणतोय. डावीकडून उजवीकडे.

भोचक

म्हणजे आता उजवीकडचीही हिरडी उतरवणार. समतोल हवा माणसाला.

सुटलो_एकदाचा

हसू नका, माझंही आधी हेच झालं होतं. दुसऱ्या बाजूला धरली की मजा येत नाही, जीभ चुकते. त्यातून कमी होते कधीकधी. पण बाजू बदलली म्हणजे सोडली असं मात्र कुणी त्याला म्हणू देऊ नका. पट्टीचं विचारा डॉक्टरांना.

कोपऱ्यातला

विचारू नका म्हटलं होतं तरी सांगतो. तुकडा तपासायला घेतलाय, रिपोर्ट यायचाय. तोपर्यंत बंद ठेवलीय. दादांना सांगा, उजवीकडे धरू नका.

रानजाई

सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. काही बोलला नाही, पण डिकीतली पुडी वहिनीला काढून दिली. आणखी कुठे ठेवलीये का, ते मी विचारलेलं नाही.

कोपऱ्यातला, रिपोर्ट चांगला येऊ दे.

पारा

रिपोर्ट आला की लिहा हो. सगळे वाट बघतायत.

अर्धविराम

रानजाई, तीन महिन्यांनी दादांचा आकडा इथे टाका. उतरला तरी आणि नाही उतरला तरी. गोळीही वाढवलेली आहे, तेव्हा श्रेय कुणाचं यावर भांडायला मी येईनच.

रानजाई

टाकते. तोवर एक बारीक शंका: सफाईनंतर फटी पडल्यात, त्यांत अन्न अडकतं. टूथपिक चालेल का?

दंतकथा

टूथपिक नको, हिरडीला टोचते. फटींसाठी छोटे ब्रश मिळतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे पण इवलेसे. वेगवेगळ्या मापांचे असतात, पुढे एक आणि मागे दुसरं लागेल, मापं डॉक्टरांकडून घ्या. जोर लावून घुसवायचा नाही, अलगद घासत जायला हवा. रोज रात्री, मग मऊ ब्रशने दात, ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून, दोन मिनिटं. पहिले काही दिवस रक्त येईल, म्हणून थांबू नका.

चिमणचारा

आणि माउथवॉश? सासूबाईंना हिरव्या रंगाचं दिलंय, त्या म्हणतात याने दात तपकिरी झाले, माझ्या मिश्रीने कधी झाले नव्हते.

दंतकथा

नावात क्लोरहेक्सिडीन आहे का बघा. असेल तर दात तपकिरी होतात हे सासूबाईंचं खरं आहे. ते साधारण दोन आठवड्यांपुरतं असतं, रोजचं नाही. डाग सफाईत निघतात. मिश्रीच्या डागांबद्दलचं मात्र त्यांचं तितकंसं खरं नाही, पण ते तुम्ही सांगू नका, मला पाठवा त्यांना.